युद्धकाळांतील विरहिणी

संस्कृत काव्यांतील विरहिणीस काम एकच : पतीच्या वाटेकडे डोळे लावून दिवस मोजणें. दुसऱ्या महायुद्धांतील इंग्लंडच्या विरहिणीस एवढी सवड मिळाली नाहीं. डिसेंबर १९४१ च्या कायद्यानें २० ते ३० वयाच्या अविवाहित स्त्रियांस व निपुत्रिक विधवांस राष्ट्रसेवा सक्तीची झाली. शेतीसाठीं ‘विमेन्स लँड आर्मी’ हें स्त्रियांचें निराळें दल होतें; ऐन भरांत त्यांत ८०,००० हून अधिक तरुणी होत्या. शहरांत वाढलेल्या मुली पहांटे उठून गाईंच्या धारा काढूं लागल्या, ट्रॅक्टर हांकूं लागल्या.

मग प्रेम आटलें काय? मुळींच नाहीं. १९४० सालीं इंग्लंड व वेल्समध्यें सुमारें ४,७०,००० विवाह झाले. उद्यांचा भरंवसा नसतां माणसें शुभकार्य लांबणीवर टाकीत नाहींत. १९४१ मध्यें ‘एअरग्राफ’ची सोय निघाली. पत्राचें छायाचित्र बारीक फिल्मवर घेऊन तें विमानानें धाडीत व पोहोंचल्यावर मोठें करून देत. मेघास दूत करण्याचें कारण उरलें नाहीं. मात्र सैनिकाचें हृद्गत आधीं परीक्षकाच्या डोळ्यांखालून जाई!

घाईनें जुळलेलें सर्वच टिकलें नाहीं. १९४७ सालीं तेथें सुमारें ६०,००० घटस्फोट झाले. याचा दोष स्त्रियांच्या नोकरीस देणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. चार दिवसांची ओळख आणि चार वर्षांची ताटातूट, एवढें कारण पुरेसें आहे.

प्रेम व काम यांचें वैर मुळांत नियमांनीं लावलेलें होतें. लग्न होतांच शिक्षिकेनें नोकरी सोडावी, असा तेथें अनेक ठिकाणीं दंडक असे. युद्धांत शिक्षकांची वाण पडली, विवाहित शिक्षिका पुनः वर्गांत आल्या, आणि १९४४ च्या शिक्षणकायद्यानें तो दंडक रद्द केला. बोटांत अंगठी आली म्हणून शिकविण्याची हातोटी जात नाहीं, हें कळावयास महायुद्ध व्हावें लागलें! जन्म शाळेंत घालविलेल्या आम्हांस याचें नवल वाटतें.

तरीही उपकारांची फेड अपुरीच राहिली. युद्धोत्तर सवलतींतून लँड आर्मीच्या मुलींस वगळलें, तेव्हां त्यांच्या प्रमुख लेडी डेनमन यांनीं फेब्रुवारी १९४५ मध्यें पदत्याग केला. अडचणींत जिच्या हातांवर घर चालतें, तिचा वांटा सुबत्ता येतांच विसरूं नये. सुज्ञ वाचकांनीं हा हिशेब आपल्याही घरीं एकवार मांडून पाहावा.