बसकी गाडी आणि रोजचा रस्ता

गाडी चार बोटं खाली घेतली की छान दिसते, हे आधीच मान्य करून टाकतो. टायर आणि मडगार्ड यांच्यातली ती रिकामी पोकळी भरली की साधी स्विफ्टसुद्धा एकदम अंगात आल्यासारखी उभी राहते. त्यामुळे या लेखाला 'म्हाताऱ्याची कटकट' समजू नका. :) माझा वाद दिसण्याशी नाहीच. वाद आहे तो "खाली घेतली की गाडी चांगली चालते" या वाक्याशी. आमच्या ऑफिसात नव्याने गाडी घेतलेली निम्मी पोरं हे वाक्य पाठ असल्यासारखं म्हणतात, आणि त्यावर पहिला बोनस उडवायला निघतात.

तर मंडळी, थोडं गणित करू. शनिवार आहे, वेळ आहे.

वळणावर आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो. किती जातो, ते गुरुत्वमध्य किती उंचीवर आहे यावर ठरतं. तो जमिनीपासून ५५० मिमीवर आहे असं धरू आणि गाडी ३५ मिमी खाली घेऊ. फायदा किती? साधारण ६ टक्के. रेसट्रॅकवर ६ टक्के म्हणजे पुष्कळ झाले. पण कात्रज ते हिंजवडी या प्रवासात, जिथे निम्मा वेळ दुसऱ्या गिअरमध्ये जातो, तिथे हे ६ टक्के कुठे वापरणार?

शिवाय हा फायदासुद्धा फुकट मिळत नाही. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतात. गाडी खाली घेतली की खालच्या आर्मचा कोन बदलतो आणि रोल सेंटर, म्हणजे ज्या काल्पनिक बिंदूभोवती गाडीचं अंग वळणावर कलतं तो बिंदू, गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातो. दोघांतलं अंतर वाढतं, म्हणजे गाडीला कलंडवणारी तरफ लांब होते! ते झाकायला स्प्रिंग कडक करावी लागते. वळणावर घट्ट वाटतं ते बऱ्याच अंशी त्या कडक स्प्रिंगमुळे, उंची कमी झाल्यामुळे नव्हे.

आता खरी मेख. समजा मूळ गाडीत चाकाला वर जायला ८० मिमी जागा आहे, आणि आपण ४० मिमी खाली आलो. उरली निम्मी. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा दाबल्या जाणाऱ्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते (बारावीचं फिजिक्स आठवा). म्हणजे तोच खड्डा निम्म्या जागेत पचवायचा असेल तर स्प्रिंग चौपट कडक हवी. बाजारात मिळणाऱ्या लोअरिंग स्प्रिंगा साधारण वीस-तीस टक्के जास्त कडक असतात. मग उरलेला धक्का कोण घेतं? बम्प स्टॉप, म्हणजे शॉकअपच्या दांड्यावरचा तो रबरी ठोकळा. तो शेवटचा उपाय म्हणून दिलेला असतो. आमच्या भाषेत सांगायचं तर तो एक्सेप्शन हँडलर आहे, आणि आपण रोजचं काम त्याच्यावर टाकतो. भर वळणावर खड्डा आला आणि चाक ठोकळ्यावर आपटलं, तर त्या चाकाची स्प्रिंग क्षणात दगड होते आणि टायर पकड सोडू शकतो. म्हणजे जी पकड वाढवायला निघालो, तीच नेमक्या वेळी गेली.

स्पीडब्रेकरचं गणित तर फारच मजेशीर आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शिकेनुसार गोलाकार स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच असावा, वक्रतेची त्रिज्या १७ मीटर. स्विफ्टचा व्हीलबेस २.४५ मीटर. दोन्ही चाकं त्या उंचवट्यावर असताना मधला फुगवटा गाडीच्या पोटाकडे किती येतो? फक्त ४४ मिमी. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स सुमारे १६३ मिमी. ४० मिमी खाली घेऊनही १२३ उरतात, त्यातून ४४ गेले तरी ७९ शिल्लक. गाडी आरामात जाईल!

फक्त अडचण एवढीच की तसा स्पीडब्रेकर तुमच्या गल्लीत नाही. तिथे आहे तो सोसायटीच्या सेक्रेटरींनी उरलेल्या डांबरातून घालून घेतलेला हातभर रुंदीचा बांध. तो दोन्ही चाकांच्या मधोमध अख्खाच्या अख्खा उभा राहतो. त्याची उंची १० सेंमी असली तर १२३ मधून १०० गेले, राहिले २३ मिमी. तेही गाडी रिकामी असताना. मागे तीन माणसं आणि डिकीत आंब्याच्या पेट्या असल्या की इंजिनचं चेंबर किंवा सायलेन्सर खरवडलंच म्हणून समजा. चेंबर फुटून ऑइल गेलं आणि ते लक्षात येण्याआधी गाडी चालवत राहिलो, तर इंजिन बसतं. ते घाटात, रात्री, घरची माणसं बरोबर असताना होऊ नये, एवढंच.

आणि कृपा करून स्प्रिंग कापू नका. हजार-पाचशेत काम होतं हे खरं. पण एक वेटोळं कमी केलं की स्प्रिंग कडक होते, तिचं टोक बैठकीत नीट बसत नाही आणि चाक लोंबकळलं की ती सैल होऊन हलू शकते. गॅसने तापवून बसवण्याचा प्रकार तर त्याहून वाईट. पोलादाचं पाणीच जातं.

कायद्याचंही थोडं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बघितला, तर मूळ रचनेत फेरफार करणं ही हलक्यात घ्यायची गोष्ट नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफाराला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतं. विमा कंपनीला न सांगता काही केलं तर क्लेमच्या वेळी वाद, तो वेगळाच.

मग हौस करायचीच नाही का? करा की! पण क्रम लावा. आधी चांगले टायर. मग झिजलेले बुश आणि दमलेले शॉकअप बदला. मग अलाइनमेंट. एवढं केल्यावर दहातल्या आठ जणांची गाडी मूळ उंचीवरच त्यांना हवी तशी चालायला लागते. शॉकअपवर पैसे घालायचे तर मूळ उंचीला चालणारे भारी शॉकअपही असतात. बिल्स्टीनचे बी६ मूळ उंचीसाठी आणि बी८ खाली घेतलेल्या गाडीसाठी, असे दोन वेगळे प्रकार त्याचसाठी आहेत.

त्यानंतरही खाली घ्यायचीच असेल तर एका रविवारी टेप घ्या. गाडीत पाच जण आणि सामान बसवून पोटाचा सर्वात खालचा भाग मोजा. रोजच्या रस्त्यावरचा सर्वात वाईट बांध मोजा. वजाबाकी करा. जे उरेल त्यात मावतं का बघा. माझ्या मते २०-२५ मिमीच्या पुढे रोजच्या गाडीने जाऊ नये. स्प्रिंगबरोबर तिला जुळणारे आखूड शॉकअप घ्या, काम झाल्यावर अलाइनमेंट करा (नाहीतर टायर आतल्या कडेने खाऊन जातील), आणि मूळ स्प्रिंगा माळ्यावर जपून ठेवा. उंची कमी-जास्त करता येणारे कॉइलओव्हर ऐकायला झकास वाटतात, पण आपल्या पावसाळ्यातल्या चिखलात त्यांचे आटे साफ ठेवायला कोण बसणार, हेही आधी ठरवा.

दिसण्यासाठी खर्च करण्यात काही पाप नाही. लग्नाला आपण सूट घालतोच. पण सूट घालून कोणी भातलावणीला उतरत नाही. पार्किंगमधला फोटो हा डेमो असतो, रस्ता हे प्रॉडक्शन.

आणि एक गोष्ट राहिलीच. चालवणाऱ्याला खड्डा येताना दिसतो, त्याच्या हातात स्टिअरिंग असतं, तो अंग सावरून घेतो. मागच्या सीटवर बसलेल्या आईला यातलं काहीच मिळत नाही. तिला फक्त धक्का मिळतो. स्प्रिंगची ऑर्डर द्यायच्या आधी एकदा मागच्या सीटवर बसून आपल्याच रस्त्याने फिरून या, दुसऱ्याला चालवायला सांगून. मग काय ते ठरवा.