पत्ते शिका, पण डिझेलचे पैसे खिशातच राहू द्या



१ जूनपासून ट्रॉलर धक्क्याला लागलेत, ते ३१ जुलैपर्यंत. ६१ दिवस. जाळी शिवून झाली, इंजिन मेस्त्रीकडे, पाऊस काही थांबत नाही. मग दुपारी सोसायटीच्या हॉलात पत्ते निघतात. यंदा पोरांना रमी नको, पोकर शिकायचाय. काही ज्येष्ठ सभासदांनी आमच्याकडे मागणी केली, की हॉलात पत्ते बंदच करा.

आमचे मत वेगळे आहे. हॉलात बंद केले की खेळ मोबाईलवर जातो, आणि तिथे बघायला कोणी नसतो. चतुर्थीला गणपतीसमोर रात्र जागवताना आपण सगळेच पत्ते खेळत आलोय, उगाच सोवळे कशाला?

खेळ साधा आहे. प्रत्येकाला दोन पाने झाकून. मध्ये पाच पाने उघडी पडतात, आधी तीन, मग एक, मग एक. या सातांतून ज्याची पाच पाने भारी, तो जिंकतो. जोडी, दोन जोड्या, तीन सारखी, सिक्वेन्स, कलर, असे वर चढत जायचे. पाने पाडायच्या मधे मधे डाव लावायचा, नाहीतर पाने टाकून गप्प बसायचे.

हे गप्प बसणेच नव्या माणसाला जमत नाही. हातात दोन पाने आली की त्याला खेळायचेच असते. दोन एक्के हातात यायची वेळ सरासरी २२१ वाटपांत एकदा येते, आणि बहुतेक वेळा पाने टाकायच्याच लायकीची असतात. आपला जुना तांडेल वारा बघून होडी काढत नाही, तेव्हा त्याला कोणी भित्रा म्हणत नाही. पण पत्त्यांत पाने टाकली की पोरे हसतात!

दुसरी चूक याहून महाग पडते. समजा तुमची चार पाने बदामची झाली आणि शेवटचे एक पान पडायचे आहे. न दिसलेली पाने ४६, त्यात बदाम ९. म्हणजे साधारण पाचांत एकदा कलर लागणार. मध्ये ३० मणी पडलेत आणि पुढे राहायला तुमच्याकडून १० मागतात. पाच वेळा असे केले तर चारदा १०-१० जातील, म्हणजे ४०, आणि एकदा ३० मिळतील. तोटाच. तरी माणूस टाकतो, कारण ‘आधीच इतके घातलेत’. मासळी नाही हे कळूनही जळलेल्या डिझेलच्या रागाने आणखी दहा मैल पुढे जाणारे आपल्यात आहेत, नावे घेत नाही.

हा हिशेब मण्यांवर शिकला तर पोरांचे भलेच होईल. पैशांवर शिकला तर एक तिसरा माणूस मध्ये येतो, खेळ चालवणारा. प्रत्येक डावातून तो आपली टक्केवारी काढतो. लिलावात दलालाचा वाटा निघतो तसेच, फक्त इथे मासळी कोणी आणलेलीच नसते. सगळे आपल्याच खिशातले. चांगला खेळणारा नवख्याकडून घेतो, चालवणारा दोघांकडून.

गेल्या वर्षी जुलैत आपल्याच एका घरातल्या मुलाने नव्या जाळ्याचे पैसे मोबाईलवर घालवले. पहिल्या आठवड्यात जिंकला होता, तिथेच फसला. त्याची आई बाजारात मासळी विकते. ती ऑफिसात येऊन आम्हाला विचारू लागली, ते पैसे परत मागता येतात काय? आमच्याकडे उत्तर नव्हते. त्या घरची होडी ऑगस्टमध्ये दुसऱ्याचे जुने जाळे घेऊन बाहेर पडली.

त्यानंतर महिनाभरात, ऑगस्ट २०२५ मध्ये, संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. कौशल्याचा खेळ असो की नशिबाचा, दोन्ही त्यात आले. तरीही बाहेरच्या देशांतल्या ॲपच्या लिंक ग्रुपवर फिरताना दिसतात. पाठवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की अशा खेळाची जाहिरात करणे हासुद्धा त्या कायद्याने गुन्हा आहे. आणि तिथे पैसे अडकले तर दाद कुणाकडे मागणार? मांडवीतल्या कॅसिनोंचे दिवे पाहून कोणाला वाटत असेल की तिथे एवढे चालते मग आपले काय, तर ते दिवे कोणाच्या पैशांवर जळतात तेवढे बघा.

तर हॉल दुपारी ३ ते ६ उघडा राहील. दोन नवे जोड घेतलेत, मणी कपाटात आहेत, प्रत्येकाला ५०, संपले की उठायचे. पैसे, उधारी, ‘संध्याकाळची चहा-भजी हरणाऱ्याकडून’ यातले काही चालणार नाही (भज्यांवरून कमिटीत बराच वाद झाला, पण ठरले ते ठरले). मुलींनाही शिकायचे असेल तर यावे, हिशेबात त्या मुलांपेक्षा पक्क्या आहेत.

आणि ऑगस्टसाठी डिझेलची आगाऊ रक्कम यंदा थेट पंपाला जाईल, हातात मिळणार नाही. कोणाला यावर हरकत असेल तर रविवारच्या बैठकीत बोलावे.