यादवीची तीन कारणे



एकाच राज्यातील माणसे परस्परांवर शस्त्र उगारतात, त्याला मराठीत ‘यादवी’ म्हणतात. एका कुळाच्या नाशावरून आलेला हा शब्दच सांगतो की येथे शत्रू आपल्याच पंक्तीला बसलेला असतो.

अशी यादवी आपल्या जिल्ह्यानेही पाहिली आहे. चांदवड तालुक्यातील धोडप येथे जून १७६८ मध्ये माधवराव पेशव्यांनी आपले चुलते रघुनाथराव यांचा पराभव केला.

मतभेद घरोघरी असतात. मग त्यांचे युद्ध केव्हा होते? पेशव्यांच्या घराण्यात तीन कारणे स्पष्ट दिसतात. पहिले, हक्काविषयीचा असंतोष. १७६१ साली सोळा वर्षांचा पुतण्या गादीवर आला आणि रणांगण गाजविलेले चुलते दुय्यम ठरले. दुसरे, पानिपतानंतरची आर्थिक ओढगस्त. वाटून घ्यायला कमी उरले की वाटा मागणाऱ्याचा आवाज चढतो. तिसरे, परक्याचे साहाय्य. रघुनाथरावांनी १७६२ मध्ये निजामाची मदत घेतली. पुढे १७७५ च्या सुरतेच्या तहात इंग्रजी फौजेच्या मोबदल्यात साष्टी व वसई देऊ केली. १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर साष्टी इंग्रजांकडेच राहिली. रघुनाथरावांना पेशवेपद मिळाले नाही, केवळ नेमणूक मिळाली. बँकेच्या भाषेत सांगायचे तर भांडण दोघांचे होते, तारण मात्र साऱ्या राज्याचे ठेवले गेले.

ज्यांच्या १०८ फुटी मूर्तीचे दर्शन आपण मांगीतुंगीला घेतो, त्या भगवान ऋषभदेवांच्या पुत्रांतही राज्यासाठी संघर्ष झाला. आदिपुराणानुसार भरत व बाहुबली यांची सैन्ये समोरासमोर उभी ठाकली, तेव्हा मंत्र्यांनी सुचविले की वाद दोघांचा आहे, तो दोघांनीच मिटवावा. दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध झाले. सैनिकांचे रक्त सांडले नाही. विजयी बाहुबलींनी तर राज्यच त्यागले.

तो त्याग आपल्या आवाक्याबाहेरचा असेल, पण मंत्र्यांचा विवेक नाही. ज्यांची पेढी भावाभावांत आहे, त्यांनी वडीलधारे हयात असतानाच हिस्से लेखी ठरवावेत, हिशेब सर्वांना खुला ठेवावा आणि उभयपक्षी मान्य असा मध्यस्थ गोडीगुलाबीच्या दिवसांतच नेमावा. भांडण पेटल्यावर मध्यस्थ सापडत नाही. सापडतात ते केवळ पाठीराखे.