आबांच्या अंगावर बाळलेणी

स्वीडनच्या 'ॲबा' या चौघांच्या गाण्यांचे वेड मला कॉलेजात असल्यापासूनचे. कॅसेट लावली की आजी विचारी, "हे कुठले रे आबा? भजनी मंडळ आहे का?" त्यांची 'द व्हिजिटर्स' 1981 साली निघाली आणि मग चाळीस वर्षे नवी तबकडी म्हणून नाही. अखेर 5 नोव्हेंबर 2021 रोजी, ऐन पाडव्याला, 'व्हॉयेज' आली. ओवाळणी उरकताच भाच्याने मोबाइलवर लावून दिली. दहा गाणी, चाळीस मिनिटांच्या आत आटोपली. आणि मला, खोटे कशाला सांगू, चक्क राग आला.

"अहो, सत्तरी उलटल्यावर गातात हेच पुष्कळ!" इति सौभाग्यवती. जगभरचे भक्तही हेच म्हणाले. पण रसिकहो, नातवाने पहिल्यांदा 'श्री' गिरवला की आपण वाहवा म्हणतो. तीच वाहवा या चौघांना द्यायची? हे कौतुक नव्हे, हा अपमान आहे.

हे लोक काय होते ते आठवा. 1980 साली, संसार मोडल्यावर ब्यॉर्नने लिहिलेले हरलेल्या स्त्रीचे गाणे अग्नेथाने स्वतः गायिले. 'द व्हिजिटर्स'मध्ये दप्तर घेऊन शाळेला निघालेली मुलगी आपल्या हातून निसटते आहे हे पाहणारी आई आहे. दारावरच्या थापेने दचकणारा, सोव्हिएत राजवटीला नकोसा झालेला माणूस आहे. तिशीत होते तेव्हा त्यांनी तिशीची दुःखे गायिली!

मग सत्तरीत सत्तरीची का नकोत? नव्या तबकडीत नाताळच्या सकाळचे गुळमट गाणे आहे, शेवटी बालकांचा मेळा. एक भुंग्यावर आहे. 1978 साली ध्वनिमुद्रित करून त्यांनीच बाजूला ठेवलेले एक गाणे तेव्हाच्याच आवाजांवर नवी वाद्ये चढवून वाढले आहे. फराळात गेल्या वर्षीचा अनरसा तळून वाढावा तसे! आणखी एका गाण्यात आई लहान पोराला विभक्त नवऱ्याकडे सोडून जाते. चाल झकास, पण बाई, ते पोर आता पन्नाशीचे झाले असेल की!

तरुणपणाची ही हाव लंडनमध्ये अधिकच उघडी पडली. 27 मे 2022 पासून तिथे खास बांधलेल्या प्रेक्षागृहात या चौघांच्या 1979 सालच्या रूपातल्या संगणकी प्रतिमा नाचू लागल्या. आमच्या बालगंधर्वांनीही उतारवयात स्त्रीभूमिका केल्या आणि त्यावर पुष्कळांनी नाके मुरडली. परंतु ते थकलेले शरीर घेऊन नारायणराव स्वतः उभे राहत.

'डोन्ट शट मी डाउन' मात्र मी कोणाला देणार नाही. तिथे अग्नेथाचा आवाज खाली उतरलेला आहे, किंचित खरखरीत. जुन्या प्रियकराच्या दाराशी आलेली ती बाई खरोखरच वयाने वाढलेली वाटते. असली दहा का नाही केलीत?

सौभाग्यवतीला मी हे सारे ऐकवले. ती म्हणाली, "मग तेवढे एकच लावा ना परत." भाचा मोबाइल घेऊन फटाके उडवायला गेला होता.