मैदानाचे दुसरे दार

7 ऑगस्ट 2021 च्या पहाटे भारतातील असंख्य घरांमध्ये एक अपूर्व दृश्य दिसत होते. ज्यांनी आयुष्यात कधी गोल्फची काठी हातात धरली नव्हती, अशी माणसे दूरदर्शन संचासमोर बसून एका चेंडूचा प्रवास श्वास रोखून पाहत होती. टोकियो ऑलिंपिकच्या अखेरच्या फेरीत अदिती अशोक ही बंगळूरची तेवीस वर्षांची खेळाडू पदकाच्या उंबरठ्यावर उभी होती. जागतिक क्रमवारीत ती दोनशेव्या क्रमांकाच्या आसपास होती. शिवाय त्याच वर्षी झालेल्या कोरोनाच्या आजाराने तिच्या फटक्यांतील ताकद ओसरली होती. तरीही 67, 66, 68 आणि 68 अशा चार फेऱ्या खेळून तिने 269 फटक्यांत स्पर्धा पूर्ण केली. ज्याचे फटके कमी तो विजयी, असा या खेळाचा हिशेब. सुवर्णपदक 267 फटक्यांना मिळाले, रौप्य आणि कांस्य 268 फटक्यांना. एका फटक्याने पदक हुकले आणि चौथा क्रमांक पदरी आला.

त्या दिवशी हळहळ पुष्कळ व्यक्त झाली, कौतुकही झाले. मात्र त्या एका फटक्यापेक्षा अधिक विचार करण्याजोगी गोष्ट तिच्या कारकिर्दीच्या आरंभात दडलेली आहे. अदितीच्या घरी गोल्फची कोणतीही परंपरा नव्हती. आईवडिलांपैकी कोणीही हा खेळ खेळत नव्हते. कुटुंब न्याहारीसाठी बाहेर जात असे, तेथून कर्नाटक गोल्फ असोसिएशनचे सरावाचे मैदान दिसे. पाच वर्षांच्या मुलीला कुतूहल वाटले, पालकांनी ते दडपले नाही आणि मुलीबरोबर वडीलही खेळ शिकू लागले. म्हणजे भारतीय गोल्फमधील एका असामान्य कारकिर्दीचा उगम एका योगायोगात आहे.

या योगायोगाचे पुढे तिने जे केले, त्याला मात्र योगायोग म्हणता येणार नाही. डिसेंबर 2015 मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, युरोपीय महिला व्यावसायिक मालिकेची पात्रता स्पर्धा तिने जिंकली. 2016 मध्ये शालेय शिक्षण संपले आणि त्याच वर्षी ती रिओ ऑलिंपिकमध्ये खेळली. त्या वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये गुडगावला महिलांची इंडियन ओपन स्पर्धा जिंकून युरोपीय मालिकेतील विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. पाठोपाठ कतार आणि पुढच्या वर्षी अबू धाबी येथे तिने बाजी मारली. 2023 मध्ये केनिया आणि स्पेन येथील विजयांनी युरोपीय मालिकेतील विजेतेपदांची संख्या पाचवर गेली. त्याच वर्षी हांगझौच्या आशियाई स्पर्धेत अखेरच्या फेरीपूर्वीची सात फटक्यांची आघाडी हातची निसटली आणि सुवर्णाऐवजी रौप्य मिळाले. तरीही आशियाई स्पर्धेत गोल्फचे पदक मिळवणारी पहिली भारतीय महिला तीच. 2024 मध्ये पॅरिसला ती तिसरे ऑलिंपिक खेळली.

या यशामागील आर्थिक वास्तव मात्र फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. व्यावसायिक गोल्फपटूला मासिक वेतन नसते. प्रवास, निवास, साहित्य आणि काठ्यांची पिशवी वाहणाऱ्या कॅडीचा मोबदला हा सारा खर्च आधी करावा लागतो. बहुतेक स्पर्धांत दोन फेऱ्यांनंतर मागे राहिलेले खेळाडू गळतात आणि त्यांना बक्षिसाची रक्कम मिळत नाही. खर्च निश्चित, उत्पन्न अनिश्चित! रिओमध्ये अदितीची पिशवी वडिलांनी वाहिली, टोकियोमध्ये आईने. या दृश्यातील जिव्हाळा सर्वांना भावला. पण एका मुलीच्या खेळामागे सारे कुटुंब वर्षानुवर्षे उभे राहिल्याची ती साक्षही होती.

ज्या कुटुंबाला हे शक्य नाही, तेथील मुलीने काय करावे? पुरुषांच्या गोल्फमध्ये या प्रश्नाचे एक उत्तर आपोआप निर्माण झाले. 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय अली शेर हे दिल्लीच्या क्लबात कॅडी होते. 2009 चा विजेता चिन्नास्वामी मुनियप्पा हाही बंगळूरचा कॅडीच. 2016 आणि 2017 अशी सलग दोन वर्षे ती स्पर्धा जिंकणारा एस. एस. पी. चौरसिया हा कोलकात्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्या माळ्याचा मुलगा. गरीब मुलांसाठी श्रीमंतांच्या मैदानाला असे एक मागचे दार होते. पिशव्या वाहता वाहता, इतरांचा खेळ न्याहाळता न्याहाळता ती मुले खेळाडू झाली. मुलींना हे दार बहुधा बंदच राहिले. कॅडीचे काम मुलींचे मानले गेले नाही. त्यांच्यासाठी उरले ते केवळ पुढचे दार, आणि ते उघडते घरच्या ऐपतीने किंवा आईवडिलांच्या नोकरीने. श्रवणदोषावर मात करून 2019 मध्ये दक्षिण आफ्रिकेची खुली स्पर्धा जिंकणाऱ्या हरियाणाच्या दीक्षा डागरला खेळाचे धडे मिळाले ते सैन्याधिकारी वडिलांकडून.

कावेरीचे पाणी बंगळूरची तहान भागवते आणि तीच नदी पुढे तंजावर जिल्ह्यात भातशेती फुलवते. मराठी वाचकाला तंजावर म्हटले की भोसल्यांचे राज्य आणि सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. त्याच जिल्ह्यातील पापनाशमसारख्या तालुक्याच्या गावी एखाद्या पाच वर्षांच्या मुलीला हिरवळ दिसेल ती भाताच्या खाचरांची. तिच्या हाताचा नेम अदितीइतकाच अचूक असेलही, पण तो कोणाला कळणार? परभणीच्या किंवा गडचिरोलीच्या मुलीची गोष्ट याहून वेगळी नाही.

यावर आक्षेप असा की, गोल्फ हा धनिकांचा आणि पाणी पिणारा खेळ. शेतीच्या मुलखात त्याचे प्रयोजन काय? आक्षेप रास्त आहे. अठरा खळग्यांच्या मैदानाला शंभराहून अधिक एकर जमीन लागते. पापनाशमच्या खाचरांचे पाणी खाचरांनाच मिळाले पाहिजे. परंतु खेळाची ओळख होण्यासाठी एवढा पसारा लागत नाही. चेंडू अलगद खळग्यात घालण्याचा सराव शाळेच्या अंगणाएवढ्या जागेतही करता येतो, आणि टोकियोत अदितीला तारले ते मुख्यतः याच कौशल्याने.

शिवाय देशातील अनेक गोल्फ मैदाने लष्करी छावण्यांच्या, शासनाच्या किंवा सार्वजनिक उद्योगांच्या जमिनीवर आहेत. आठवड्यातून एखादी सकाळ ती परिसरातील शाळकरी मुलींसाठी खुली ठेवणे, जुन्या काठ्या शाळांना देणे आणि कॅडीच्या प्रशिक्षणात मुलींना आवर्जून स्थान देणे यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. आवश्यकता आहे ती इच्छेची. वित्तसंस्था आणि उद्योगांनी पुरस्काराचा धनादेश विजयानंतर देण्याऐवजी त्यातील काही भाग आरंभीच्या, अनिश्चित वर्षांसाठी राखून ठेवला तर त्याचे मोल कितीतरी अधिक ठरेल. पीक हाती आल्यावर भेटणारे पुष्कळ असतात. पेरणीच्या वेळी जो उभा राहतो तोच खरा सोबती.

ऑलिंपिकमध्ये हुकलेला एक फटका पुढे कोणीतरी भरून काढील. परंतु ज्या मुलींना मैदान कधी दिसलेच नाही, त्यांच्या हुकलेल्या संधींची नोंद कोणत्याही गुणफलकावर होत नाही. ती नोंद समाजाने आपल्या खाती मांडावी आणि मैदानाचे दुसरे दार मुलींसाठी जाणीवपूर्वक उघडावे. अदितीच्या चौथ्या क्रमांकाचा याहून उचित सन्मान दुसरा कोणता असणार?