नाग म्हणजे सोमरसाचा साइड इफेक्ट?

अमीश त्रिपाठींच्या शिव-त्रयीचा शेवटचा भाग, 'द ओथ ऑफ द वायुपुत्राज', २०१३ साली आला. आमच्या अभ्यासिकेतली पोरं अजूनही तिन्ही पुस्तकं हातोहात वाचतात. वाचू द्या, मीही रात्र जागून वाचलीत. पण तिसऱ्या भागाने केलेली फसवणूक 'शेवट गुंडाळला' एवढ्या तक्रारीवर सोडता येणार नाही.

आधीच्या भागांत लेखकाने प्रश्न आपलेच उचलले होते. मेलुहात 'विकर्म' ठरलेल्याला शिवलं की शुद्धीकरण. शरीरात व्यंग घेऊन जन्मलेलं मूल 'नाग', गेल्या जन्मीचं पापी, म्हणून हद्दपार. या नागांची राजधानी गोदावरीकाठची पंचवटी! १९३० मध्ये काळाराम मंदिरासाठी आपल्या माणसांनी दगड खाल्ले ती पंचवटी आठवल्याशिवाय राहत नाही.

आणि उत्तर काय मिळालं? दोष सोमरसाचा. हे पेय विषारी, नाग जन्मतात ते त्यामुळे. म्हणजे बहिष्कार घालणारा कायदा, तो लिहिणारे, तो पाळून पोटची लेकरं टाकून देणारे, सगळे सुटले. आरोपी एक रसायन आणि एक लबाड दक्ष राजा. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी सांगितलं की नागपूर निवडलं ते नाग लोकांमुळे, ज्यांनी बुद्धाचा धम्म देशभर पसरवला. इथे तेच नाव एका औषधी पेयाच्या दुष्परिणामाला!

"पण सर, मैका पद्धतीत जन्मावर वर्ण नाही ना," असं एकजण म्हणाला. खरंय, मुलं आईबापांपासून तोडून, परीक्षा घेऊन वर्ण वाटतात. गुणकर्माच्या याच चातुर्वर्ण्याची चिरफाड बाबासाहेबांनी १९३६ मध्येच केली, प्लेटोलाही सोडलं नाही. गुणच बघायचे तर ब्राह्मण-शूद्र ही जुनी लेबलं कशाला, हा त्यांचा सवाल आर्य समाजींना होता. अमीशनाही लागू पडतो.

शेवटी महादेव पाशुपतास्त्र सोडतो, देवगिरी बेचिराख होते. कशासाठी? सतीच्या खुनाचा सूड म्हणून. पिढ्यान्‌पिढ्या हाकलून दिलेल्या नागांसाठी एकही वीट हलली नाही. त्यांची राणी काली शेवटपर्यंत लढते, पण निवाडा महादेवाचाच.

रविवारी विहारात तिसरा भाग आणि 'जातिप्रथेचे निर्मूलन', दोन्ही घेऊन या. मैकावरून भांडण तिथेच पुरं करू. जय भीम.