सैन्यातला अवघड दलबदल

दिल्लीच्या राजकीय बोलीत ‘दलबदल’ या शब्दाला एकच अर्थ आहे. तो रोखण्यासाठी संसदेने १९८५ साली घटनेला दहावी अनुसूची जोडली. त्याच संसदेने २०२३ च्या पावसाळी अधिवेशनात एका निराळ्या दलबदलाची वाट सुकर करणारे विधेयक संमत केले. परंतु ते अधिवेशन मणिपूरच्या प्रश्नाने व्यापलेले होते. लष्कर, नौदल आणि हवाई दल यांच्यातील जुन्या भिंतींना हात घालणाऱ्या ‘आंतर-सेना संघटना (आदेश, नियंत्रण आणि शिस्त)’ विधेयकाची म्हणावी तशी चर्चा झाली नाही.

ज्या अडचणीतून हा कायदा जन्मला, ती समजून घेण्याजोगी आहे. लष्कर आणि हवाई दल यांचे कायदे १९५० चे, नौदलाचा १९५७ चा. अंदमान-निकोबार येथे २००१ साली तिन्ही दलांची संयुक्त कमांड स्थापन झाली, तरी तेथील प्रमुखाला दुसऱ्या दलाच्या सैनिकावर शिस्तभंगाची कारवाई करता येत नसे. त्या सैनिकाला आधी मूळ दलाकडे परत पाठवावे लागे. १० मे २०२४ पासून अमलात आलेल्या या कायद्याने तो अधिकार संयुक्त संघटनेच्या प्रमुखाला दिला. सेवाशर्ती मात्र ज्याच्या त्याच्या दलाच्याच राहिल्या. शिक्षा कोण करील, हे ठरले. शाबासकी कोण देईल, हे ठरायचे राहिले.

२०२३ सालीच तिन्ही दलांतील मेजर आणि लेफ्टनंट कर्नल किंवा त्यांच्या समकक्ष हुद्द्यांच्या सुमारे शंभर अधिकाऱ्यांना एकमेकांच्या तुकड्यांत नेमण्याचा निर्णय झाला. क्षेपणास्त्रे, वैमानिकरहित विमाने, हेलिकॉप्टर, पुरवठा अशी सर्व दलांना समान असलेली कामे त्यासाठी निवडली गेली. ही बदली असली तरी ते दलांतर नव्हे. अधिकाऱ्याची ज्येष्ठता आणि बढती मूळ दलाच्याच हाती राहते. वयाच्या पस्तिशी-चाळिशीत, कर्नलपदाची चाळणी समोर दिसत असताना, दोन-तीन वर्षे परक्या दलात घालवण्याचा हिशेब त्याला करावाच लागतो.

राजधानीतील मराठी अधिकाऱ्यांना हा हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही. प्रतिनियुक्तीवर आलेल्या प्रत्येकाच्या मनात एक शंका घर करून असते. मूळ संवर्गात आपली खुर्ची कोणी घेतली, आणि परतल्यावर येथील कामाची दखल तेथे कोण घेणार? सनदी सेवेत निदान प्रतिनियुक्तीचे नियम मुरलेले आहेत. सैन्यात त्यांची नुकती सुरुवात आहे.

पूर्वीचे दोन अनुभव येथे बोलके ठरतात. सागरी टेहळणीचे काम १९७६ साली हवाई दलाकडून नौदलाकडे आले. सुपर कॉन्स्टेलेशन विमाने नौदलाच्या ताब्यात गेली आणि गोव्यातील दाभोळी तळावर त्यांची स्वतंत्र तुकडी उभी राहिली. १ नोव्हेंबर १९८६ रोजी लष्कराचे हवाई कोअर स्थापन झाले. आज त्याचे वैमानिक नाशिकला घडतात. दोन्ही वेळा हद्दीवरून रस्सीखेच झाली, तरी व्यवस्था टिकली. कारण कामाबरोबर त्या कामाची शिडीही हलली. नव्या ठिकाणी चांगले काम करणाऱ्याला वर चढण्याचा मार्ग तेथेच होता.

परदेशांतील उदाहरणेही हेच सांगतात. इराणमधील ओलिसांना सोडवण्याची मोहीम १९८० साली फसल्यावर अमेरिकी संसदेत दलांमधील दुराव्याची झाडाझडती सुरू झाली. १९८६ च्या गोल्डवॉटर-निकोल्स कायद्याने संयुक्त नेमणुकीचा अनुभव हा जनरल आणि अ‍ॅडमिरल पदाच्या बढतीचा निकष ठरवला. तोवर टाळली जाणारी नेमणूक मागून घेतली जाऊ लागली. उलट कॅनडाने १९६८ साली तिन्ही दले विसर्जित करून एकच दल, एकच गणवेश केला. तो प्रयोग मनोमन रुजला नाही, आणि २०११ साली नौदल व हवाई दलाला त्यांची जुनी नावे परत द्यावी लागली. दलांची ओळख पुसणे आणि दलांना एकत्र आणणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

म्हणूनच हवाई दलाच्या शंकांना केवळ संस्थानिकी वृत्ती म्हणून झटकून टाकता येत नाही. वैमानिक घडवायला वर्षे आणि अमाप पैसा लागतो. अशी माणसे विखुरली तर मूळ कौशल्य विरळ होईल, ही भीती रास्त आहे. थिएटर कमांडच्या प्रश्नावर ऑगस्ट २०२५ मध्ये महू येथे हवाई दलप्रमुखांनी घाई नको, असा जाहीर इशारा दिला. मात्र अशा शंकांमुळे फार तर नेमणुकांची निवड काटेकोर करावी लागेल. नेमणूक झालेल्याच्या बढतीची हमी टाळण्याचे ते कारण होऊ शकत नाही.

मेजर जनरल आणि लेफ्टनंट जनरल दर्जाच्या अधिकाऱ्यांसाठी तिन्ही दलांत समान गोपनीय अहवाल आणण्याचे २०२३ साली ठरले. दिशा योग्य आहे, पण पायरी चुकली आहे. त्या उंचीवर पोहोचलेल्याची निष्ठा तीस वर्षांत घडून गेलेली असते. समान मोजपट्टी हवी ती मेजर आणि लेफ्टनंट कर्नलसाठी. त्यापुढे जाऊन, संयुक्त नेमणुकीशिवाय मेजर जनरलपद नाही, असा नियम करण्याचे धैर्य सरकारने दाखवावे. आणि सरकार दाखवत नसेल, तर संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने विचारावे की, दुसऱ्या दलात पाठवलेल्या अधिकाऱ्यांपैकी किती जणांना वेळेवर बढती मिळाली. या उत्तराची संख्या पटलावर आली, तर एकात्मतेच्या घोषणांपैकी किती खऱ्या आहेत, हे कळायला दुसऱ्या कशाची गरज उरणार नाही.